एक की दोन

कन्या राशीत चित्रेच्या वायव्येला पोरिमा नावाचा तारा आहे. २००५ साली माझ्या दुर्बिणीएवढ्या कुठल्याही दुर्बिणीतून तो एकच दिसला असता. आज त्याच दुर्बिणीतून तिथे दोन तारे दिसतात. दोघांचं तेज सारखं, रंगही सारखाच फिकट पिवळा, आणि मधे स्वच्छ काळं आकाश. हे दोघे एकमेकांभोवती १६९ वर्षांत एक फेरी पुरी करतात. कक्षा फार लांबट आहे, त्यामुळे बहुतेक काळ ते एकमेकांपासून लांब रेंगाळतात आणि जवळ येण्याच्या मोजक्या वर्षांत भर्रकन वळसा घालून पुन्हा दूर निघतात. याआधी ते असे जवळ आले होते १८३६ मध्ये. जॉन हर्शेल तेव्हा दक्षिण आफ्रिकेत केपला मोठी दुर्बीण मांडून बसला होता. त्यालाही एकच तारा दिसला.

मी पोरिमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या दोघांत जेमतेम दोन विकलांचं अंतर होतं. आता ते साडेतीनच्या आसपास आहे. तारे म्हणजे न बदलणारी गोष्ट, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. मुंबईत राहून, नोकरी करून, मुलुंडच्या एका सोसायटीच्या गच्चीवरून दोन सूर्य एकमेकांपासून दूर सरकताना मला माझ्याच हयातीत दिसले, याचा आनंद मी कुणाला नीट सांगू शकले नाही. म्हणून हा लेख.

विकला किती लहान, हे आधी सांगायला हवं. एका अंशात ६० कला आणि एका कलेत ६० विकला. वांद्रे-वरळी सागरी सेतू ५.६ किलोमीटर लांब आहे. त्याच्या वरळीच्या टोकाला कुणी दहा रुपयांचं नाणं धरलं, तर वांद्र्याच्या टोकावरून ते जेवढं दिसेल, तेवढी एक विकला. जवळच्या जोडताऱ्यांचा सगळा खेळ या एका नाण्याच्या आतबाहेर चालतो.

माझी दुर्बीण १०२ मिलिमीटर भिंगाची आहे, नळी मीटरभर लांब. दुर्बिणींच्या जगात ही लहानच. विल्यम रटर डॉझ नावाचा एक इंग्रज धर्मगुरू एकोणिसाव्या शतकात जोडतारे पाहत असे. वेगवेगळ्या आकारांच्या भिंगांतून कुठवरचे तारे सुटे होतात हे त्याने वर्षानुवर्षं पाहून ठरवलं आणि त्यातून एक साधा नियम निघाला. ११६ ला भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागायचं, की त्या दुर्बिणीची मर्यादा विकलांमध्ये मिळते. माझ्या दुर्बिणीची १.१४ येते. डॉझची ही मर्यादा आधी डोळ्यांनी अनुभवलेली आहे, आणि म्हणूनच मला ती फार प्रिय आहे. पण ती लागू पडते ती दोन सारख्या तेजाच्या, फार ठळक नसलेल्या ताऱ्यांना. एक तारा झगझगीत आणि दुसरा मंद असेल तर सगळंच अवघड होऊन बसतं. त्याकडे पुढे येते.

एवढ्या मर्यादेचं कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. तारा इतका दूर असतो की तो खरं तर बिंदूच. पण गोल भिंगातून आलेला त्याचा प्रकाश बिंदूवर गोळा होत नाही, विवर्तनामुळे, म्हणजे भिंगाच्या कडेपाशी प्रकाशाच्या लाटा पसरत असल्यामुळे, त्याची एक इवलीशी तबकडी होते आणि तिच्याभोवती फिकट कडी उमटतात. जॉर्ज एअरीने १८३५ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून तिला एअरी तबकडी म्हणतात. भिंग मोठं, तर तबकडी लहान. दोन ताऱ्यांच्या तबकड्या एकमेकींत शिरल्या की डोळ्यांना एकच लांबट ठिपका दिसतो. हवा चांगली असलेल्या रात्री दोनशेपट वर्धन लावून कुठलाही मध्यम तेजाचा तारा पाहा. मधे टणक, गोल तबकडी आणि बाहेर एक बारीक कडं. पहिल्यांदा ते दिसलं की वाटतं, तारा दिसला. प्रत्यक्षात आपण प्रकाशाचं लाटपण पाहत असतो.

आता मुंबईचं.

मुंबईत राहून आकाश पाहणाऱ्या माणसाला सगळे कळवळ्याने विचारतात, तुम्हाला दिसतं तरी काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या गच्चीवरून साध्या डोळ्यांना तिसऱ्या प्रतीपलीकडचे तारे क्वचितच दिसतात. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तारा तितका मंद.) आकाशगंगा नाही. देवयानीतली दीर्घिका दुर्बिणीतून शोधावी तेव्हा राखाडी डाग. म्हणून आकाशप्रेमी मंडळी अमावास्येच्या आसपास वांगणीला, नेरळला, त्याही पलीकडे जातात, आणि जायलाच हवं. मीही जाते. खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रींनी मुंबईतल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा खरं आकाश दाखवलं आहे.

पण जोडताऱ्यांना अंधाराची फारशी गरज नसते. तारा बिंदूवत् असतो. वर्धन वाढवलं की पार्श्वभूमीचा उजेड पसरून फिका होतो, ताऱ्याचा मात्र जवळजवळ तेवढाच एकवटलेला राहतो. पाचव्या-सहाव्या प्रतीचा तारा मुलुंडच्या आकाशात डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीत मात्र काळ्या पार्श्वभूमीवर लखलखतो. पौर्णिमेलाही. जोडताऱ्याला लागते स्थिर हवा. आणि त्या बाबतीत मुंबई कमनशिबी नाही, हे मी ठामपणे सांगते.

हिवाळ्यात उंचावरून वाहणारा वेगवान पश्चिमी झोत बहुधा उत्तर भारतावर असतो. मुंबई १९ अंशांवर, त्याच्या पुष्कळ दक्षिणेला. त्याचा फायदा डोळ्यांना जाणवतो. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात आणि मग मार्च-एप्रिलमध्ये अशा रात्री येतात, की तारा नेत्रिकेत, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगात, खिळल्यासारखा उभा असतो. गंमत अशी, की या रात्री दिसायला अजिबात सुंदर नसतात. आकाश दुधाळ, हवा दमट, लांबचे दिवे पिवळट धुरक्यात बुडालेले. उत्तरेकडून कोरडा वारा सुटून आकाश धुतल्यासारखं निळंशार झालं, तारे लुकलुकायला लागले, की शेजारी म्हणतात, "ताई, आज काय मस्त दिसत असेल ना!" मी त्यांना हो म्हणते, आणि त्या रात्री जवळच्या जोड्यांच्या वाटेला जात नाही. लुकलुकणारा तारा म्हणजे उकळणारी हवा. धुरक्याची हवा छातीला वाईट, आणि ती डोळ्यांना चांगली आहे म्हणून तिचं कौतुक करावं असं मला अजिबात वाटत नाही. तरी निरीक्षणाच्या दृष्टीने खरं ते सांगायला हवं.

त्याहून मोठा त्रास पायाखालचा. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीच्या कठड्याखाली प्रत्येक मजल्यावर एसीची बाहेरची यंत्रं गरम हवा फेकत असतात आणि ती भिंतीला धरून वर येते. कठड्यापाशी दुर्बीण लावली तर तारा पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. म्हणून मी गच्चीच्या मधोमध, पाण्याच्या टाकीपासून दूर, उभी राहते, आणि शक्यतो पूर्वेकडचा तारा निवडते. पूर्वेला मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी. त्या दिशेला तापलेल्या भिंती नाहीत. वॉचमनकाका रात्री दीड-दोनला किल्ली घ्यायला येतात तेव्हा बहुतेकदा हवा नुकतीच बसायला लागलेली असते. त्यांनी कधी घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पावसाळ्याचे चार महिने मात्र दुर्बीण हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. मुंबईत भिंगांना बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि भिंगावर बुरशीची जाळी पसरली की ती काच खाते.

लहान दुर्बिणीला या शहरात आणखी एक फायदा आहे. हवेतल्या गरम-गार पुंजक्यांच्या मानाने भिंग लहान असलं, तर तारा जागच्या जागी थोडा हलतो पण त्याची तबकडी फारशी मोडत नाही. मोठ्या आरशात त्याच रात्री नुसता उसळणारा गोळा दिसतो. मोठी दुर्बीण असलेल्या मित्रांसोबत मी पाहिलं आहे. चांगल्या रात्री त्यांचं यंत्र माझ्यापेक्षा कितीतरी पुढे जातं. पण वर्षातल्या साधारण रात्रींत माझ्या छोट्या नळीतली तबकडी जास्त नीटस असते.

निरीक्षण कसं होतं ते सांगते, कारण त्यात 'पाहणं' फार हळू घडतं. मृगात, कमरपट्ट्यातला पूर्वेकडचा तारा अलनिटाक घ्या. मुख्य तारा दुसऱ्या प्रतीचा, त्याला खेटून साधारण चौथ्या प्रतीचा सोबती, अंतर सव्वादोन विकलांच्या आसपास. नेत्रिकेला डोळा लावला की आधी नुसतं तेज दिसतं, थरथरणारं. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. हाताने बारीक चकती फिरवत तारा मधे ठेवायचा, कारण दोनशेपट वर्धनात तो मिनिटभरात क्षेत्राबाहेर निसटतो. श्वास संथ होतो. मग हवा क्षणभर थांबते. अर्धा सेकंदसुद्धा नाही. तेवढ्यात मुख्य ताऱ्याच्या कड्याजवळ एक टोकदार कण दिसून जातो. दिसला की भास? पुन्हा वाट. पुन्हा तोच कण, त्याच जागी. तिसऱ्यांदा दिसला की मग तो जाता जात नाही. हवा बिघडली तरी डोळ्याला त्याची जागा कळलेली असते.

इथेच या छंदातला खरा पेच आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते हेच आहे. सोबती कुठे आहे हे आधी माहीत असेल, तर तो तिथे 'दिसायला' लागतो. मेंदू उदार आहे, मागाल ते देतो. म्हणून मी अवघड जोडीची दिशा आधी वाचत नाही. अंतर आणि तेज पाहून ठेवते, स्थानकोन मुद्दाम झाकून ठेवते. स्थानकोन म्हणजे मुख्य ताऱ्यापासून सोबती कोणत्या दिशेला आहे ते, उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेलं. दुर्बीण स्थिर सोडली की तारा ज्या बाजूला वाहत जातो ती पश्चिम. त्यावरून वहीतल्या गोलात उत्तर-दक्षिण आखायची, दिसला तिथे ठिपका काढायचा, वेळ लिहायची आणि मगच खाली घरी जाऊन यादी उघडायची. ठिपका आणि यादी जुळली तर ते दिसणं माझं. नाही जुळली तर वहीत ठिपका तसाच ठेवायचा. खोडायचा नाही.

जे दिसलं त्याची प्रतवारीही प्रामाणिक हवी. 'लांबट' म्हणजे ठिपका गोल नाही एवढंच कळलं. 'कंबर पडली' म्हणजे मधे दोन्ही बाजूंनी खाच आली. 'चिकटलेले' म्हणजे दोन तबकड्या कडेला कड लावून उभ्या. 'सुटे' तेव्हाच लिहायचं जेव्हा मधे काळी रेघ दिसते. लांबट पाहून सुटे लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण जोडी फोडली हे सांगण्यात अभिमान आहे. पण 'लांबट' हीसुद्धा पूर्ण माहिती आहे. कोणत्या दिशेला लांबट, हे लिहिलं की त्या वाक्यात एका कक्षेचा तुकडा असतो.

मुलांना हे सांगावं लागत नाही. सोसायटीत मी कुणाला दुर्बिणीशी बोलावते तेव्हा काय दिसणार ते सांगत नाही. फक्त विचारते, एक की दोन? मोठी माणसं बहुधा माझ्या चेहऱ्याकडे पाहतात आणि म्हणतात, हो हो, दिसलं, फार छान. दुसऱ्या मजल्यावरची, तेव्हा चौथीतली एक मुलगी पुनर्वसूच्या कॅस्टरपाशी बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. तिची आई खालून हाका मारत होती. मग ती म्हणाली, "काकू, एक आहे. थांबा... नाही, दोन. एक जास्त मोठा आहे. दुसरा चिकटलेला नाहीये, पण जवळ आहे." मी तिला कागद दिला, तिने ठिपके काढले. अगदी बरोबर जागी. नंतर मी तिला सांगितलं, की या दोघांना एकमेकांभोवती फिरायला साडेचारशे वर्षांच्या आसपास लागतात, आणि ते दोघेही पुन्हा जोडतारे आहेत, शिवाय तिसरी एक मंद जोडी त्यांच्यासोबत फिरते, म्हणजे एकूण सहा. तिने विचारलं, "मग मला दोनच का दिसले?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला वर्णपटापर्यंत जावं लागतं. आम्ही गेलो, पण दुसऱ्या दिवशी.

वसिष्ठ-अरुंधतीचंही असंच आहे. लग्नात अरुंधती दाखवायची पद्धत आपल्याकडे आहे, आता बहुतेकदा हॉलच्या छताकडे बोट करून. ती जोडी डोळ्यांनी दिसते, दोघांत जवळजवळ १२ कलांचं अंतर आहे. पण दुर्बिणीतून पाहिलं की वसिष्ठच दोन होतो, १४ विकलांच्या अंतराने. पुण्याहून आलेल्या माझ्या आत्याने ते पाहिलं आणि ती बराच वेळ नेत्रिकेपासून हललीच नाही. दुर्बिणीतून सापडलेल्या पहिल्या जोडताऱ्यांपैकी हा एक. गॅलिलिओच्या मित्राने, कास्तेल्लीने, १६१७ मध्ये त्याच्याकडे गॅलिलिओचं लक्ष वेधलं होतं.

पुढे दीडशे वर्षं लोकांना वाटे, की हे तारे योगायोगाने एका रेषेत दिसतात, एक जवळ, एक दूर. जॉन मिशेलने १७६७ मध्ये संभाव्यतेचा हिशेब करून दाखवलं, की इतके सारे योगायोग शक्य नाहीत. विल्यम हर्शेलला मात्र ते योगायोगच हवे होते. जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या मानाने वर्षभरात किती सरकतो ते मोजून त्याला ताऱ्यांची अंतरं काढायची होती. म्हणून त्याने जोड्या गोळा केल्या, १७८२ च्या पहिल्या यादीत २६९. वीसेक वर्षांनी त्याच जोड्या पुन्हा मोजल्या तेव्हा कॅस्टरसारख्या काही जोड्यांतले तारे एकमेकांभोवती वळलेले निघाले. १८०३ मध्ये त्याने ते जाहीर केलं. शोधायला गेला अंतर, आणि सापडलं ते सूर्यमालेबाहेरचं गुरुत्वाकर्षण. १८२७ मध्ये फेलिक्स साव्हारीने सप्तर्षीतल्या क्साय या ताऱ्याची कक्षा न्यूटनच्या नियमाने मांडून दाखवली, फेरी साधारण ६० वर्षांची. जोडताऱ्याची पहिली कक्षा ती. आज आपण एखाद्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या अमुक पट म्हणतो, त्या साऱ्या आकड्यांच्या मुळाशी जोडतारे आहेत. एकट्या ताऱ्याचं वजन करायला तराजूच नसतो. क्साय मीही पाहते. माझ्या भिंगातून तो सुटा होतो, आणि दर काही वर्षांनी त्याची दिशा वहीतल्या जुन्या ठिपक्यापासून हललेली असते.

भारताचा या गोष्टीशी संबंध जुना आहे आणि तो कमी सांगितला जातो. जां रिशो हा फ्रेंच जेझुइट १६८९ च्या डिसेंबरात पुदुच्चेरीहून एक धूमकेतू पाहत होता. तेव्हा त्याला आल्फा सेंटॉरी दोन असल्याचं दिसलं. सूर्याला सर्वांत जवळची ही तारकाप्रणाली. मुंबईत ती एप्रिल-मेच्या रात्री दक्षिण क्षितिजावर जेमतेम दहा अंश वर येते. आमच्या गच्चीवरून तिथे उंच इमारतींचे दिवे आहेत. मी ती कोकणात, समुद्राच्या बाजूने पाहिली आहे. एवढ्या खाली हवा ताऱ्याला रंगीत फडक्यासारखा फडफडवते, तरी दोन दिसले.

माझ्या मनाला अधिक जवळचा आहे तो पुण्याचा माणूस. विल्यम स्टीफन जेकब. बॉम्बे इंजिनीअर्समधला अधिकारी, सर्वेक्षणाच्या कामावरचा. त्याने १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली आणि १८४५ ते १८४८ या काळात २४४ जोडतारे मोजले. त्या काळात पुण्याला आगगाडी नव्हती, विजेचा दिवा नव्हता. भिंग आजच्या मानाने साधं. वृश्चिकेतला न्यू हा तारा तिहेरी आहे, हे त्याने १८४७ मध्ये पुण्यातून नोंदवलं. पुढे तो मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. तिथून १८५५ मध्ये त्याने जाहीर केलं, की भुजंगधारीतल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या गतीत अशी गडबड आहे की तिथे न दिसणारा ग्रह असण्याची फार शक्यता आहे. परक्या सूर्याभोवती ग्रह असल्याचा इतका जुना दावा दुसरा क्वचितच सापडेल. तो ग्रह नंतर कुणालाच सापडला नाही. मोजमापातल्या सूक्ष्म चुका त्या वेगळेपणाच्या मुळाशी होत्या.

जेकबबद्दल वाचताना काहींना तो फसलेला माणूस वाटतो. मला तसं वाटत नाही. ज्याने जन्मभर विकलेचे शतांश मोजले, त्याला त्या आकड्यांत एक अर्थ दिसला आणि त्याने तो 'फार शक्य आहे' एवढ्याच शब्दांत मांडला. अर्थ टिकला नाही, पण त्याने तारखेनिशी लिहिलेली मोजमापं टिकली. नुसत्या ठिपक्याचं मोल मला त्याच्यामुळे कळलं. १८६२ च्या ऑगस्टमध्ये तो पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभी करण्यासाठी इंग्लंडहून पुन्हा मुंबईत उतरला आणि काही दिवसांतच पुण्यात वारला. ती वेधशाळा झालीच नाही. झाली असती तर सह्याद्रीच्या माथ्यावरून कोणत्या जोड्या सापडल्या असत्या, याचा विचार मी माळशेजला गेले की हमखास करते.

वेगवेगळ्या तेजाच्या जोड्यांकडे येते म्हटलं होतं. भूतपातला इझार हा त्यातला देखणा. नारिंगी मुख्य तारा आणि जेमतेम तीन विकलांवर निळसर सोबती. फ्रीड्रिख स्ट्रूव्हने याला लॅटिनमध्ये 'पल्केरिमा', सर्वांत सुंदर, म्हटलं. त्याने हजारो जोड्या पाहिलेल्या होत्या, तेव्हा त्याच्या मताला वजन आहे. मुंबईत एप्रिल-मेच्या रात्री इझार जवळजवळ डोक्यावर असतो, हवेचा थर सर्वांत पातळ तिथे. पाहुण्यांना स्वातीनंतर मी हाच दाखवते.

सर्वांत कठीण पण सर्वांत हवाहवासा तो ज्येष्ठेचा सोबती. ज्येष्ठा पहिल्या प्रतीची, लालभडक. सोबती साडेपाचव्या प्रतीच्या जवळचा, म्हणजे तेजात पन्नासपटीहून अधिक फरक, आणि अंतर पावणेतीन विकलांच्या आसपास. तो सापडला तेही नवलच. १३ एप्रिल १८१९ रोजी व्हिएन्नात योहान ब्युर्ग चंद्रामागून ज्येष्ठा बाहेर येताना पाहत होता. आधी एक मंद तारा उगवला, आणि काही सेकंदांनी एकदम ज्येष्ठा. चंद्राच्या कडेने काही क्षण मुख्य ताऱ्याचं तेज झाकून धरलं होतं.

लंडनच्या निरीक्षकाला ज्येष्ठा क्षितिजापासून बारा अंशांच्या वर कधी मिळत नाही. आम्हाला ती साडेचव्वेचाळीस अंशांवर मिळते. जुन्या पुस्तकांत या जोडीबद्दलची निराशा वाचताना हे लक्षात ठेवावं. त्यातली बरीचशी उत्तरेकडच्या अक्षांशाची आहे. अडचण दुसरी. ज्येष्ठा संध्याकाळी माथ्यावर येते तेव्हा मुंबईत पाऊस असतो. म्हणून तिच्यासाठी मार्चच्या सुरुवातीची पहाट निवडायची. सकाळी सहाच्या सुमारास ती बरोबर दक्षिणेला, सर्वांत उंच येते, आणि त्याच वेळी पूर्वेला उजाडायला लागतं. हा योग सोन्यासारखा आहे. काळ्या आकाशात तिचा भगभगीत उजेड सोबत्याला गिळून टाकतो. आकाश निळसर होत गेलं की ती चकाकी उतरते, तबकडी नीट दिसते आणि पश्चिमेकडच्या बाजूला, पहिल्या कड्याच्या बाहेर, एक बारीक ठिपका उघडा पडतो. त्या लालपिवळ्या शेजारी तो हिरवा भासतो. तो खरा हिरवा नाही, तो निळसर-पांढरा तप्त तारा आहे, शेजारच्या लालीमुळे डोळा त्याला हिरवा करतो. तरी मी वहीत हिरवाच लिहिलं, कारण मला तो हिरवा दिसला. दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. खाली दुधाच्या गाड्या आलेल्या, स्टेशनाकडे निघालेल्या माणसांचे आवाज, गच्चीच्या कठड्यावर पहिला कावळा. मग निळं इतकं वाढतं की सोबती जातो, आणि ज्येष्ठा लाल ठिणगीसारखी आणखी थोडा वेळ राहते. त्या दिवशी मी कामावर वेळेत पोहोचते, पण दुपारपर्यंत कुणाशी फारसं बोलत नाही.

दिवसा नोकरी आणि रात्री जोडतारे हे जमतं, याचा दाखला शिकागोच्या शेरबर्न बर्नहॅमने देऊन ठेवला आहे. तो न्यायालयात लघुलेखक होता. सहा इंची दुर्बीण घेऊन त्याने घरामागे असे जोडतारे शोधले, जे मोठमोठ्या वेधशाळांच्या नजरेतून सुटले होते. स्ट्रूव्हनंतर आता या क्षेत्रात नवं काही उरलं नाही असं जाणकार समजत होते, तेव्हाची ही गोष्ट. १८७३ मध्ये त्याची पहिली यादी छापली गेली, आणि पुढे शेकडो जोड्यांना त्याचं नाव लागलं. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेने सांभाळलेल्या जोडताऱ्यांच्या सूचीत आज दीड लाखाहून जास्त जोड्या आहेत. त्यातल्या अनेकांकडे वर्षानुवर्षं कुणी डोळा लावलेला नाही.

जेकबचा न्यू हा तारा याच बर्नहॅमच्या हाती पुढे चार ताऱ्यांचा ठरला. ठळक तारा आणि ४१ विकलांवरचा त्याचा सोबती, ही रुंद जोडी सोपी आहे. त्यातला मंद सोबती पुन्हा दोन होतो, दोन ते अडीच विकलांच्या अंतराने. तिहेरी तो त्यामुळे. आमच्या गच्चीवरून ते तिन्ही मी एका एप्रिलच्या रात्री, दोन वाजल्यानंतर, सुटे पाहिले आहेत. ठळक ताऱ्याचे मात्र बर्नहॅमने जे दोन केले, ते १.३ विकलांवर आहेत आणि त्यांच्या तेजात प्रतीभराचा फरक आहे. हा आकडा माझ्या भिंगाच्या मर्यादेच्या अगदी कडेला बसतो. आतापर्यंत वहीत त्याच्यासमोर 'लांबट, साधारण उत्तर-दक्षिण' एवढंच आहे, आणि एकदा 'कंबर पडली, दोन वेळा, क्षणभर'. यंदा मी जास्त वर्धनाची एक नेत्रिका घेतली आहे. न्यू दक्षिणेला साडेएक्कावन्न अंश चढतो, म्हणजे टॉवरांच्या बराच वर. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो रात्री अडीचच्या सुमारास तिथे असेल. वॉचमनकाकांना आत्तापासून सांगून ठेवलं आहे.